सी ड्राईव्हमधले अकरा जण

कॉम्प्युटरच्या दुकानात भंगार साठतं, ते मी दर दिवाळीला काढून टाकतो. किबोर्ड, वायरी, मेलेले सीपीयू, सगळं जातं. किस्से मात्र कुठलाच भंगारवाला उचलत नाही, राव! ते साठतच राहतात. रहाटणीतल्या माझ्या दुकानात तर निम्मे किस्से एकाच कामाचे आहेत. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, "शेठ, सी ड्राईव्ह भरलाय, गेम तेवढी दुसऱ्या ड्राईव्हवर टाकून द्या."

हे सगळं आठवायचं कारण कांबळे. मागच्या रविवारी तो जुना सीपीयू पोटाशी धरून रिक्षातून उतरला. बाइकवर आणला नाही, धक्के बसतील म्हणून! मी मशीन चालू केलं. आतली हार्डडिस्क टकटक करत होती.

"जगेल का?" कांबळेनं विचारलं.

"डिस्क नाही जगणार. आतलं काही निघालं तर बघतो."

"बाकी सगळं जाऊ दे. आपली क्रिकेटची गेम नव्या ड्राईव्हवर आण. टीम आहे त्यात. दुसरी कॉपी कुठंच नाही, शेठ." मग जरा थांबून म्हणाला, "जाधव आहे त्यात."

जाधव मागच्या वर्षी गेला.

*

आता ही टीम काय भानगड आहे, ते सांगतो.

पूर्वी कासारवाडी स्टेशनजवळ माझा सायबर कॅफे होता. कॉम्प्युटर मी कुठल्या क्लासला जाऊन शिकलो नाही. उघडायचं, बिघडवायचं, पुन्हा जोडायचं, असं शिकलो. पहिली शिफ्ट सुटली की एकाच कंपनीतली गँग कॅफेवर यायची. त्यात कांबळे क्वालिटीला इन्स्पेक्टर आणि परभणीकडचा जाधव पत्र्याचे पार्ट ठोकणाऱ्या प्रेस शॉपला. या लोकांनी गेममधल्या एका परदेशी टीमची सगळी नावं खोडून स्वतःची टाकली होती. विकेटकीपर म्हणून कँटीनचा आचारी घेतला, कारण त्याच्या हातून जास्तीची पुरीसुद्धा कधी सुटली नव्हती!

कॅप्टन कांबळे. त्याचा नियम एकच. मॅच एकदा सुरू झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची नाही. "रिजेक्ट म्हणजे रिजेक्ट. उद्या तुम्ही वाकडा पार्ट आणून म्हणाल, परत मोजा!"

जाधवचा नंबर अकरावा. तो यायचा, पहिल्याच बॉलला बोल्ड व्हायचा आणि खुर्चीतून उठून ओरडायचा, "नो बॉल होता की ओ!"

"जाधव, हा कॉम्प्युटर आहे. अंपायर विकत घेतलेला नाही इथं," कांबळे म्हणायचा.

"मंग मला बघूनच कसा टाकायलाय असला बॉल?"

रोज हेच! आणि रोज खेळायला बसायच्या आधी जाधवचा कॅफेच्या फोनवरून बायकोला निरोप, "जेवून घे. ओव्हरटाइम लागलाय."

*

पुढे जाधवनं माझ्याकडूनच एक सेकंडहँड मशीन नेलं. काही दिवसांनी हसत हसत पेन ड्राईव्ह नाचवत आला.

"शेठ, गेम घरी न्यायलोय. कॅफेतल्या मशीनवरनं घेतली. तुमी तासभर लावता, माझी एका सेकंदात झाली!"

मी पेन ड्राईव्ह लावून बघितला. पठ्ठ्यानं डेस्कटॉपवरचं नुसतं शॉर्टकटचं चित्र उचलून आणलं होतं.

"जाधव, तू घराची पाटी काढून आणलीस. घर तिकडंच राहिलं."

त्यानं पेन ड्राईव्हकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "पाटीवर नाव तर बराबर हाय ना?"

*

तळवड्याचे एक तात्या आहेत. जुन्या गावकीतले, आयुष्यभर जमिनींचे व्यवहार केलेले. नातवासाठी नवीन मशीन घ्यायला आले. त्यात सी ड्राईव्ह म्हणजे महागडी, वेगवान एसएसडी आणि डी म्हणजे साधी, मोठी हार्डडिस्क. मी समजावून सांगायला लागलो, तर तात्यांनी हात वर केला.

"तुमचं विंग्रजी ऱ्हाऊ द्या. रोडटच प्लॉट कोंचा?"

"सी, तात्या."

"आन् आतला?"

"डी. जागा भरपूर आहे, पण आत जायला वेळ लागतो."

"मंग नातवाची गेम आत कशापायी टाकताय? फ्रंटला घ्या की! आत न्हाई टाकायची. उद्या रस्ता कोन दील?"

तेव्हापासून मी सगळ्यांना असंच समजावतो. आयटी पार्कमधल्या एका इंजिनियर साहेबांनासुद्धा सांगितलं. म्हणाले, "इतकं सोपं होतं?"

*

आमच्याच समोरच्या सोसायटीतल्या एक मॅडम. मुलगा बारावीला. आवाज खाली आणून म्हणाल्या, "दादा, ती गेम दुसऱ्या ड्राईव्हमध्ये हलवा आणि अशा ठिकाणी ठेवा, की त्याला सापडता कामा नये. परीक्षा झाली की परत आणू."

मी हलवली. फोल्डरला नाव दिलं 'गृहपाठ'. तिथं मुलगा कशाला जातोय!

आठवड्याभरात मॅडम परत हजर. "दादा, सापडली हो!"

"अरेरे. मुलगा हुशार आहे तुमचा."

"मुलगा कुठला? त्यानं अजून शोधलीही नाही. ह्यांना सापडली!"

*

मग आमच्या गँगची कंपनी चाकणला हलली. काही जण कंपनीच्या बसनं जायला लागले, काहींनी व्हीआरएस घेतली, काही गावाकडे गेले. जाधव नव्या प्लांटला गेला नाही. प्रेसच्या मशिनी गेल्या, पण त्यांच्यावरच्या माणसांना तिकडे बोलावणं आलं नाही. माझ्या कॅफेचेही दिवस भरले होते. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला, मग कॅफेत कोण बसणार? शटर कायमचं ओढायच्या आदल्या दिवशी ठरलं, की क्रिकेटची गेम कांबळेच्या घरच्या मशीनवर न्यायची.

जाधव पुढं झाला. "मी नेतो. आता पाटी न्हाई, अख्खं घर उचलतो, बघा तुमी!"

खरंच त्यानं गेमचं पूर्ण फोल्डर उचललं. आम्ही कांबळेच्या घरी गेलो, गेम सुरू केली. कांबळेनं टीमची यादी उघडली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "रिजेक्ट."

यादीत सगळे परदेशी! आचारी नाही, कांबळे नाही, जाधव नाही.

"का बरं? समदं तर आणलंय की ओ!"

"सामान आलं," कांबळे म्हणाला. "माणसं तिकडंच राहिली."

मला लगेच कळलं. गेम डी ड्राईव्हमध्ये होती, पण बदललेली नावं तिनं सी ड्राईव्हच्या एका कोपऱ्यात वेगळी ठेवली होती. मी कॅफेत जाऊन ती छोटीशी फाइल घेऊन आलो. ती टाकल्याबरोबर आमचे अकराच्या अकरा जण हजर!

जाधव स्क्रीनकडे बघत राहिला. "शेठ," तो म्हणाला, "कंपनीनं बी असंच केलं बघा. सामान नेलं."

कांबळेनं आत जाऊन बायकोला चहा टाकायला सांगितलं.

*

तर मागच्या रविवारी तीच डिस्क माझ्या टेबलावर टकटक करत होती. मी केबल जोडली. कांबळे मागं उभा.

"आधी माणसं काढ, शेठ. सामान नंतर."

नावांची ती फाइल, केवढीशी असेल! पण निघेना. डिस्क टकटक करायची, गप्प व्हायची. मी पंखा बंद केला, का ते मलाच ठाऊक नाही. कांबळे बाहेर जाऊन आला, परत बाहेर गेला. तिसऱ्यांदा आत आला तेव्हा फाइल नव्या ड्राईव्हवर आली होती. मागोमाग गेमही रडतरखडत उतरली. कॉम्प्युटर उरलेला वेळ कधी मिनिटं दाखवायचा, कधी एकदम दिवस! सगळं आलं आणि डिस्क जी गप्प झाली, ती कायमची.

तेवढ्यात दारात सुनीतावहिनी, जाधवची बायको. काळेवाडीहून आल्या होत्या. कांबळेनं बाहेर जाऊन त्यांनाच फोन केला होता.

मी स्टूल दिलं, गेम सुरू केली. टीमची यादी आली. वहिनी एकेक नाव वाचत शेवटच्या नावापर्यंत आल्या.

"हाच का तो ओव्हरटाइम?"

मी आणि कांबळे फरशीकडे बघायला लागलो.

"बरं, आन् ह्यांना शेवटी का टाकलंय?"

कांबळेनं माउस ओढून घेतला. त्यानं बॅटिंग ऑर्डर उघडली आणि जाधवला ओपनिंगला आणलं. किबोर्ड वहिनींपुढं सरकवला. "हे बटण, वहिनी. बॉल आला की दाबायचं."

मॅच सुरू झाली. जाधव क्रीजवर आला. बॉलर धावत आला. वहिनींनी बटण दाबलं, पण दांडी गुल! पहिलाच बॉल.

वहिनींनी किबोर्डवरचा हात उचलला आणि स्क्रीनकडे बोट केलं.

"नो बॉल होता की ओ!"

कांबळेनं चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा घातला. मग वाकून मॅच बंद केली आणि पहिल्यापासून सुरू केली.

"होता, वहिनी. मी बघितला."