पुसलेली पानं

दत्तूकाकांच्या पुदिन्यात खोट नव्हती. खोट माझ्या तपासणीत होती. हे मला चारच दिवसांत कळलं होतं, आणि पुढची तीस वर्षं मी ते त्यांना सांगितलं नाही. काका गेले त्याला आता पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहावेत म्हणून बसलो, पण आधी हे लिहिल्याशिवाय पुढचं सुचेना.

लालबागच्या चाळीत आमची खोली काकांच्या खोलीला लागून. काका गिरणीत मागावर होते. संप लांबला, आणि नंतर गिरणी उघडली तरी त्यांना परत घेतलं नाही. मग तेलाचे रिकामे डबे कापून त्यांनी गॅलरीत पुदिना लावला. गिरगावातले भेळवाले चटणीसाठी तो घेत. पुदिना सगळे काडी खोचून लावतात, आणि काडीचं रोप हुबेहूब आईसारखं येतं. काकांनी मात्र एका डब्यातल्या पुदिन्याला फुलं येऊ दिली, बी धरलं आणि पेरलं. बियाचं प्रत्येक रोप निराळं. रोज सकाळी ते एकेक पान चुरडून हुंगायचे, मंद वासाचं रोप उपटायचे. शेवटी एकच राहिलं. त्याच्याच काड्या मग सगळ्या डब्यांत गेल्या. एक भेळवाला म्हणाला, "काका, याची अर्धी जुडीच पुरते. धंदा बसेल तुमचा!" संपानंतर काका असे हसलेले मी पहिल्यांदाच पाहिले...

मी तेव्हा वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करत होतो. काका म्हणाले, "झिला, तुझ्या कॉलेजात ह्याचा तेल काढून बघ. जास्त निघाला तर गावाक जाऊन ह्याच लावतलंय."

गॅलरीतल्या पानांवर काजळी बसलेली. मी ती नळाखाली चोळून धुतली, टॉवेलनं खसाखसा पुसली. तुलनेसाठी दादरच्या बाजारातून आणलेली जुडी मात्र तशीच तेल काढायच्या यंत्रात घातली. काकांच्या पानांचं तेल कमी भरलं.

"बाजारातल्यापेक्षा कमीच आहे, काका."

"नक्की?"

"यंत्र खोटं बोलत नाही," मी म्हणालो. बावीस वर्षांचा होतो.

चौथ्या दिवशी आमच्या सरांनी विचारलं, "पानं पुसलीस? मग आता टॉवेल पिळ, त्यात सापडेल तेल!" पुदिन्याचं तेल पानाच्या आत नसतं. पानाच्या कातडीवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या फुग्यांत साठतं, आणि जरा चोळलं की फुगे फुटतात. ज्या रोपाला फुगे जास्त, त्याचं तेल जास्त, आणि तो गुण काडीबरोबर पुढच्या रोपात उतरतो. काका नाकानं तेच निवडत होते.

त्याच संध्याकाळी घरी धावलो. डब्यांत कोथिंबीर पेरलेली होती. पुदिना त्यांनी मुळासकट काढून टाकला होता. आता सांगून काय उपयोग, असं मी स्वतःला समजावलं... पुढे प्राध्यापक झालो. पानं पुसू नका, असं दरवर्षी मुलांना बजावत राहिलो. हे कुणाच्या रोपावर शिकलो, ते एकदाही सांगितलं नाही.

काका गावाला गेले नाहीत. रे रोडच्या लाकडाच्या वखारीत रखवालदार झाले. आणि त्यांनी हुंगणं सोडलं. काकू बांगडा पुढे धरून विचारायच्या, "बघा हो, ताजा आहे का?" मालवणचा माणूस, तोंड फिरवून म्हणायचा, "माका काय कळता? त्या शिकलेल्याक विचार." सगळे हसायचे. मीही हसायचो.

परळच्या हॉस्पिटलात शेवटचं भेटलो ती दुपारची वेळ. काकूंनी पेजेचा डबा उघडला, काकांच्या नाकाशी नेला. "वास येतो का हो? चांगली आहे ना?" काकांनी पेजेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच सांग रे..."

चेष्टा नव्हती ती. ते खरंच विचारत होते.

मी स्टूल पुढे ओढलं, त्यांचा हात धरला. "काका, तुमचं रोप चांगलं होतं. पानं मी पुसली, तेल मी घालवलं, आणि कळल्यावर गप्प बसलो. तुमचं नाक बरोबर होतं, काका... मला माफ करा."