उपचारापूर्वीची मी

आमच्या नात्यातल्या एका लग्नात नवरीला सजवायला जळगावहून एक बाई आल्या होत्या. सगळे त्यांना अक्का म्हणत. नवरीचा मेकअप आटोपला तरी त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग जवळ येऊन त्यांनी माझी हनुवटी उचलली आणि विचारलं, मॉडेलिंग करशील का? मला वाटलं, चेष्टा करताहेत. सावळी मुलगी म्हणून मला लहानपणापासून डाळीचं पीठ आणि सायीचा लेप लावण्यात आला होता. पण अक्का म्हणाल्या, सोनं उठून दिसतं ते सावळ्या गळ्यावरच, आणि जळगावात सोन्याच्या दुकानांना काय तोटा.

मी धुळ्यात बी. कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होते. दर शनिवारी जळगावची एसटी पकडू लागले. घरी सांगितलं होतं, पार्लरचं काम शिकते. ते खोटंही नव्हतं. अक्का मला भुवया कोरायला शिकवायच्या आणि दुपारी गिऱ्हाईक नसलं की आरशासमोर उभं करायच्या. खांदे पाड, मान उचल, हसू डोळ्यांत आण. पहिल्याच दिवशी, मी एसटीतून उतरून आले तशीच, माझ्या घामेजलेल्या चेहऱ्याचा त्यांनी एक फोटो काढून घेतला होता. म्हणाल्या, आपल्या नोंदीसाठी. नंतर पार्लरच्या गच्चीवर रीतसर फोटो झाले, साडीतले, दागिन्यांतले. एका कागदावर सहीही केली. सगळ्याच मुली करतात, असं त्या म्हणाल्या आणि मी वाचलं नाही.

एका दुपारी आम्ही दोघी डबा खात होतो. कशावरून विषय निघाला आठवत नाही, पण मी त्यांना एक गोष्ट सांगितली. आदल्या वर्षी चोपड्याचं एक स्थळ मला पाहायला आलं होतं. घर आवडलं, शिक्षण आवडलं, पोहेही आवडले. निघताना दारात मुलाच्या आईने माझ्या आईला हळूच सांगितलं, "मुलगी चांगली आहे हो, पण फोटोत उजळ दिसत होती." मी पडद्यामागे होते. ऐकलं हे आईलाही कधी कळू दिलं नाही. अक्कांनी माझा हात धरला. त्यांचे डोळे भरून आले होते. ते खोटं होतं असं आजही मला वाटत नाही, आणि त्याचाच जास्त त्रास होतो.

दोनेक महिन्यांनी आमच्या शेजारच्या आजी घरी आल्या. त्यांना नातीसाठी काहीतरी हवं होतं.

"पोरी, तो मलम कोनता शे? माले बी सांग ना."

कुठला मलम, मला कळेना. त्यांनी सांगितलं, बसस्टँडजवळ तुझा एवढा मोठा बोर्ड लागलाय. मी आनंदाने धावत गेले. कुठल्यातरी दागिन्यांच्या दुकानाने निवडलं असणार, असंच वाटलं होतं.

बोर्ड त्वचेच्या दवाखान्याचा होता. डावीकडे मी, घामेजलेली. खाली लिहिलं होतं, उपचारापूर्वी. उजवीकडे गच्चीवरची मी, पण दुधासारखी पांढरी केलेली. उपचारानंतर. आणि दोन्हींच्या खाली लाल अक्षरांत, "पाहायला आलेले म्हणाले, फोटोत उजळ दिसत होती. आता प्रत्यक्षातही!"

फोटोंचं मला वाईट वाटलं असतं आणि सोसलंही असतं. ते वाक्य वाचल्यावर मात्र मी ओढणीने चेहरा झाकून तिथून निघाले.

दुसऱ्या दिवशी जळगावला गेले. अक्का एका बाईच्या भुवया करत होत्या, दोऱ्याचं टोक दातात. त्यांनी काम पुरं केलं, बाईला वाटेला लावलं, मग माझ्याकडे वळल्या. सही तू केली आहेस, फोटो कुठेही वापरता येतात, असं शांतपणे म्हणाल्या.

"आणि ते वाक्य?"

"अगं, किती मुलींना ऐकावं लागतं ते. ते काय तुझ्या एकटीचं आहे?"

"मी ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं."

त्या दोरा रिळावर गुंडाळत राहिल्या. सुरुवात अशीच होते म्हणाल्या, चहा मागवते म्हणाल्या. मी चहा न घेता निघाले.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. आईने बोर्डाबद्दल काहीच विचारलं नाही. फक्त म्हणाली, "तू दारातलं ऐकलं होतंस?" मी मान डोलावली. तिने तोंड फिरवलं.

माझी आई अंगणवाडीत आहे. सकाळी गणवेशाची साडी नेसून ती मला त्या दवाखान्यात घेऊन गेली. बाकांवर पाच-सहा मुली आयांबरोबर बसल्या होत्या. आईने काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारलं, "ही माझी मुलगी. तुमच्या बोर्डावरची. हिला कोणतं औषध दिलंत ते सांगा." तो म्हणाला, ताई, आत बसून बोलू. आई म्हणाली, इथेच बोलू, या मुलींनाही ऐकायचंय. सगळ्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. मी होते तशीच सावळी होते. एक बाई मुलीचा हात धरून उठली आणि बाहेर गेली.

आठवड्याच्या आत बोर्ड उतरला. पण तोवर फोनवरून तो सगळ्या नात्यात फिरला होता.

मी काम सोडलं नाही. आता साड्यांच्या दुकानांसाठी उभी राहते, कागद दोनदा वाचते, आणि फोटोत माझा रंग उजळ करणार नाही हे लिहून घेते. गेल्या वर्षी जळगावच्या एका कार्यक्रमात अक्का भेटल्या. चार लोकांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हिला मीच उभी केली."

लोक माझ्याकडे बघत होते. नाही म्हणावं असं फार वाटलं. पण ते खरं होतं. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला आणि साडी बदलायला आत गेले.