उशिराचं चौथं कारण

"साळवेंचे दोन लेट मार्क झालेत. तिसरा झाला की त्यांना गाडीवरून उतरवा," अनिकेत सर म्हणाले. सर आमचे नवे लॉजिस्टिक्स मॅनेजर. पुण्याहून आले ते एक सॉफ्टवेअर घेऊनच.

मी चिकलठाणा एमआयडीसीतल्या एका डेपोत डिस्पॅच प्लॅनर आहे. म्हणजे कोणती गाडी कुठला माल घेऊन, कोणत्या रस्त्याने, किती वाजता निघेल हे ठरवायचं. एकोणीस वर्षं मी ते कागदावर ठरवलं. आता सॉफ्टवेअर ठरवतं आणि मी ओके दाबतो. याला प्रगती म्हणतात.

कन्नडचा आमचा डिस्ट्रिब्युटर अकरापर्यंतच माल उतरवून घेतो. नंतर त्याचे हमाल दुसरीकडे जातात. या वेळेला आम्ही विंडो म्हणतो. विंडो चुकली की लेट मार्क, तोही ड्रायव्हरच्या नावावर.

सॉफ्टवेअरने कन्नडला दौलताबादवरून रस्ता दिला, कारण तो जवळचा. आता तिथं रस्ता किल्ल्याच्या जुन्या तटातल्या दरवाज्यातून जातो, आणि बत्तीस फुटी कंटेनर त्यातून जात नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून साळवेमामा कसाबखेड्याकडून वळसा घालायचे. पूर्वी मी त्यांना सहाला सोडायचो. सॉफ्टवेअरने साडेसात केले. तसं निघून मामा दोनदा साडेअकराला पोचले, तेच हे दोन मार्क.

मामा डेपोतले सगळ्यांत जुने ड्रायव्हर. रिटायरमेंटला दीड वर्ष राहिलेलं. सव्वीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. असा माणूस एका नकाशापायी घरी बसणार, याचा मला संताप आला होता. तो मी घरी बायकोवर काढला, ऑफिसात नाही.

त्या दिवशी मात्र बोललो. "सर, त्या दरवाज्यातून कंटेनर जात नाही."

"मी रविवारी स्वतः गेलोय. गाडी आरामात जाते."

"कोणती गाडी?"

"माझी. वेरूळला गेलो होतो फॅमिलीबरोबर. त्या दरवाज्यात फोटो पण काढला."

सरांनी मामांना बोलावलं. "आज सिस्टीमचाच रूट घ्यायचा. डेव्हिएशन नको."

मामांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "जातो की. पर साहेब, लेखी द्या, नायतर संगं चला."

लेखी द्यायचं म्हटल्यावर सर संगं चालायला तयार झाले. मलाही केबिनमध्ये घेतलं. शरणापूरपर्यंत सर मोबाइलवर नकाशा धरून बसले होते. "बघा, ऑन टाइम आहोत," असं दोनदा म्हणाले. मामांनी रस्त्यावरची नजर हलवली नाही.

दौलताबादच्या दरवाज्यापुढं त्यांनी गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. "उतरून बघा साहेब. घालायची का?"

सर उतरले. त्यांनी दरवाजा पाहिला, मग कंटेनर पाहिला, मग पुन्हा दरवाजा. तेवढ्यात मागं सहलीच्या दोन बसेस, कार आणि रिक्षा येऊन चिकटल्या. वळवायला जागा नाही. आता बत्तीस फुटी गाडी रिव्हर्स घ्यायची, तर मागचं एकेक वाहन आधी मागं सरकवायला हवं. ते काम सरांनी केलं, हातरुमाल हलवत, तासभर. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "कोन लाया रे ये जहाज इधर?" मामांनी खिडकीतून सरांकडे नुसतं बोट दाखवलं. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

वळसा घालून आम्ही कन्नडला पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. अकराच्या ठोक्याला सिस्टीमने तिसरा लेट मार्क टाकला होता. मामांच्या नावावर.

डेपोत परतल्यावर मी स्क्रीन उघडला. उशिराची कारणं तीनच होती: ड्रायव्हर, ब्रेकडाउन, ट्रॅफिक. आखणाऱ्याची चूक होऊ शकते, हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"ट्रॅफिक टाका," सर म्हणाले.

"ट्रॅफिक तर आपणच केलं साहेब," मामा म्हणाले. "आन् मागचे दोन? तेबी ट्रॅफिकच व्हय?"

सरांनी सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला. संध्याकाळपर्यंत यादीत चौथं कारण आलं: प्लॅनिंग. मामांचे तिन्ही मार्क तिकडे गेले. मामा गाडीवर राहिले आणि पुन्हा सहाला निघू लागले. सरांनी हेड ऑफिसला मेल केला, त्यात याला 'फील्ड लर्निंग' म्हटलं. तिकडून अभिनंदन आलं.

प्लॅनिंगच्या खात्यात गेलेला मार्क मात्र ओके दाबणाऱ्याच्या नावावर पडतो. म्हणजे माझ्या. आता मी ओके दाबण्याआधी ड्रायव्हरला विचारतो, त्याला अर्धं मिनिट लागतं. त्या तीन मार्कांबद्दल मी तक्रार केली नाही. तो दरवाजा मला तिन्ही वेळा ठाऊक होता.