प्लायवूडच्या अलीकडे-पलीकडे

एके दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आमच्या देवळीच्या एसटीडी बूथमध्ये नेट सुरू झालं. आमच्या ह्यांनी दोन कॉम्प्युटर आणले, मधी प्लायवूड ठोकलं अन् गल्ल्यावर मला बसवलं. सातवी शिकलेली बाई, मांडीवर वर्षाची पोर. तेव्हापासून इतके किस्से साचले, की दळण घेऊन गेले तरी चक्कीवरच्या बायका म्हणतात, "एक सांग, मंगच जा." शेवटचा मात्र कधी सांगितला नव्हता. आता माझे धाकटे दीर, नंदूभाऊजी, स्वतःच म्हणाले, "सांगा न वहिनी, काई नाई होत."

*

गल्लीतले बबलू अन् राजू प्लायवूडच्या दोन बाजूंना बसून आपापल्या पडद्याकडे पाहत खदाखदा हसायचे. मला वाटलं, दूरदेशीचे दोस्त भेटले असतील. दुपारी लोडशेडिंग झालं. दोघं बाहेर येऊन एकाच बाकावर बसले, गप्प.

"कोणाशी बोलून राह्यला होता रे?"

"याच्याशीच," बबलू म्हणाला.

"मंग आता काऊन गप्प?"

"लाइट आली का बोलतो न, वहिनी."

*

याच बबलूच्या बहिणीचं लग्न. नेटवर त्याचे दोस्त दिल्लीपासून दुबईपर्यंत. इकडे पंगत बसली अन् वरण वाढायला माणूस नाही. बाप कडाडला, "कुठं गेले तुहे दोस्त?"

"बाबा, सगळ्यायनं गुलाबाचे फोटो पाठवले."

"मंग वाढ तेच."

*

पुढं माझं हसू आटलं. पुण्याची कोणी मुलगी भाऊजींना रोज लिहायची, तिनं लिहिणं बंद केलं. भाऊजी सकाळपासून कॉम्प्युटरवरच्या तिच्या पानापुढं बसून. ताट झाकलेलं तसंच. डोळे खोल गेलेले. काही विचारलं की, "काई नाई." मी एक डोळा पोरीवर ठेवायची, एक त्यांच्यावर. ती पडेल ही भीती, अन् हे जिवाचं काही करून घेतील ही.

सासूबाईंनी मीठ-मोहरी आणली. भाऊजींवरून उतरवली, मग म्हणाल्या, "खरी नजर याचीच हाये," अन् कॉम्प्युटरवरूनही फिरवली. तेवढ्यात लाइट गेली.

"पाह्य," सासूबाई म्हणाल्या, "उतरली."

सगळे हसले. भाऊजी नाही हसले.

*

दुसऱ्या दिवशी मी बबलूला म्हटलं, "मले बी टाक त्या दोस्तीच्या साइटवर."

"फोटो कोणाचा लावू?"

माझा कसा लावणार? केळझरच्या गणपतीचा लावला. नाव 'भक्त', गाव देवळी. देवाचा फोटो पाहून भाऊजींनी लगेच दोस्ती मंजूर केली.

पाचवीतली एबीसीडी आठवत, एका बोटानं, प्लायवूडच्या अलीकडून मी लिहिलं, 'जेवला का?'

पलीकडे खटखट झाली. 'नाई. झोप बी नाई.'

'घरी सांगितलं का?'

पलीकडे भाऊजी नाक ओढत होते, ते ऐकू येत होतं. पोर मांडीवर झोपली होती. मग एकेक ओळ उमटली.

'तोंडानं सांगता येत नाई.'

'तू देवळीचाच हायेस न? बसस्टँडजवळच्या बूथवर माही वहिनी बसते.'

'तिले एवढा निरोप दे. नंदूले एकटं सोडू नका म्हणा.'