पाच लिटर कृष्णा

मी काही फार देवभोळा माणूस नाही. घरात पूजा बायको करते, मी प्रसादाच्या वेळी हजर असतो. पण मिरजेच्या दवाखान्यात तिच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, आतून बराच वेळ कोणी काही सांगेना, तेव्हा बाकड्यावर बसल्या बसल्या मी नवस बोलून मोकळा झालो. ही चालत घरी आली, तर सांगलीच्या घाटावरचं कृष्णेचं पाणी पायी नेऊन पाटणच्या वरच्या जंगलातल्या आमच्या महादेवाला घालीन, आणि कावडीच्या रीतीप्रमाणे ते वाटेत कुठेही जमिनीला टेकवणार नाही. ती चालत घरी आली. आता नवस फेडणं भाग होतं, आणि खरं सांगायचं तर मनात भक्तीपेक्षा भीतीच जास्त होती. काही चुकलं तर तिच्या जिवावर बेतेल, हे डोक्यातून जाईना.

खांद्यावर कावड घेऊन एकट्याने घळी चढणं माझ्या गुडघ्यांना मान्य नव्हतं, म्हणून पाच लिटरचा कॅन भरून पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवला. रीत घालून देणाऱ्या पूर्वजांनी सॅक पाहिली नव्हती, एवढं नक्की. चहाच्या टपरीवर खुंटी शोधायची, मुक्कामाला भिंतीतला खिळा. नीट फांदीचं झाड दिसेपर्यंत लघवीसुद्धा रोखून धरायची. एका टपरीवाल्याने विचारलं, "काय पावणं, आत सोनं हाय का काय?" मी मान ताठ करून म्हणालो, "त्याहून जास्त." ही ताठ मान पुढे चांगलीच उतरली.

पाचव्या दिवशी सकाळी डांबर संपलं आणि ओढ्याची घळ सुरू झाली. दोन्ही बाजूंना कडे, वर जांभूळ आणि अंजनीची दाट झाडी, खाली शेवाळलेले धोंडे. फोनला रेंज नाही. वाट म्हणजे ओढाच, कधी या काठाने, कधी त्या काठाने, कधी थेट गुडघाभर पाण्यातून. दुपारी सॅक फांदीला अडकवून भाकरी खाल्ली. फांदी वाकली, सॅक पार आडवी झाली, पण जमिनीला टेकली नाही, यातच मी खूश. त्यानंतर मात्र मला चमत्कार वाटावा असं काहीतरी घडू लागलं. ओझं हलकं होऊ लागलं. दर वळणाला आणखी हलकं. पाठ घामाने निथळत होती, तरी पाय भराभर उचलत होते. ज्याच्यावर आयुष्यभर अर्धाच विश्वास ठेवला, तो देव माझं ओझं स्वतः वाहतोय, या विचाराने मला भरून आलं. मी रडत रडत 'हर हर महादेव' म्हणत चालत होतो.

तिसऱ्या प्रहरी एका कातळापाशी अडलो. वर जायची खोबण इतकी अरुंद की सॅक अडकायची, आणि सॅक काढायची तर ठेवायची कुठे? जवळ फांदीही नव्हती. बराच वेळ मी तिथे खेकड्यासारखा चिकटून होतो. तेवढ्यात वरून आवाज आला, "आवं, ती पिशवी द्या हिकडं." साठीची एक बाई वाकून बघत होती. शेजारी तिनं गोळा केलेल्या हिरड्यांचं बोचकं.

"नवसाचं आहे मावशी. माझं मलाच न्यायचंय. टेकवायचं नाही."

"देवाचंच हाय न्हवं? मग तुमचं काय त्यात? द्या की."

दुसरा उपायच नव्हता. सॅक तिच्या हातात देताना लेक सासरी धाडल्यासारखं झालं. तिनं ती एका हाताने तोलली आणि म्हणाली, "लय हलकं हाय वो. ह्यात काय न्हाईच."

वर चढून पाहिलं, तर झाकण सैल होऊन कॅन कोरडा पडला होता. पाठीवरचा घाम घाम नव्हताच. टेकवू नये म्हणून पाच दिवस जपलेली कृष्णा मी दुपारपासून वाटभर सांडत आलो होतो. मी खाली बसून लहान मुलासारखा रडलो. दवाखाना, नवस, बायको, सगळं तिला सांगितलं. आता हिचं काही बरंवाईट झालं तर तो दोष माझाच, हेही सांगितलं.

तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यो वढा कुटं जातो, ठाव हाय का?"

"कोयनेला."

"आन् कोयना?"

"कराडात कृष्णेला मिळते."

"आन् तिथनं तुमच्या सांगलीला. मग आमचंच पाणी पाच दिस चालत माघारी आणत हुतासा व्हय? आन् त्येबी सांडून!"

ती खळखळून हसली. मग ओढ्यातच कॅन बुडवून भरला, झाकण गच्च आवळलं, आणि बोचकं बांधायला म्हणून तो चक्क जमिनीवर ठेवला. मी डोळे मिटून घेतले. आभाळ काही कोसळलं नाही. मग बोचकं डोक्यावर आणि कॅन हातात घेऊन ती पुढे निघाली. मी मोकळ्या खांद्यांनी तिच्या मागून गेलो. देवळाच्या पायरीवर तिनं कॅन माझ्या हातात दिला आणि आपल्या वाटेने निघून गेली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

पिंडीवर धार धरली तेव्हा मागणं काही सुचलंच नाही. मी ज्याला पाणी पोचवायला निघालो होतो, तो आम्हाला सांगलीत रोज पाणी पाठवत होता. त्याला माझ्या खिळ्या-खुंट्यांची काय गरज? बायकोला मी सांभाळतोय, हा भ्रमही मी तिथेच ठेवला. भीती गेली म्हणवत नाही, पण ती एकट्याने वाहायची नाही, एवढं कळलं.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "पाणी नीट पोचलं ना?" खोटं बोलवेना. घाबरत घाबरत सगळं सांगितलं, पाठीवरच्या घामासकट. ऑपरेशनपासून ती हसायचीही जपून. त्या दिवशी मात्र दोन्ही हातांनी पोट धरून, ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मी तिथेच, स्वयंपाकघरात, हात जोडले.