अख्ख्या भोपळ्याला सुरी

मी देश सोडला त्या दिवशी विमानाला उशीर झाला नाही, नारळाला झाला. बॅगा टॅक्सीच्या टपावर बांधून झाल्या होत्या, आई माझ्यावरून ओवाळलेला नारळ हातात घेऊन चाळीच्या दारात उभी होती आणि तो फोडायला घोडपदेवात एक पुरुष मिळेना. भरदुपारची वेळ, माणसं कामावर. एरवी गॅलरीत खुर्ची टाकून बसणारे शेजारचे सावंतकाका नेमके बँकेत गेलेले. बाबा तर कधीचेच गेले होते. "तूच फोड ना," मी म्हटलं. आईने नारळ पदराआड घेतला. शेवटी टॅक्सीवाल्यालाच राहवलं नाही. "लाओ अम्मा, हम फोड़ देते हैं," म्हणत त्याने एका फटक्यात नारळ पायरीवर फोडला. आईने त्यातली एक वाटी त्याच्या हातावर ठेवली आणि मी कॅनडात, विनिपेगला आले.

तुम्ही जे चाळीत राहिलात, आणि जे माझ्यासारखे बॅगा बांधून कुठे कुठे गेलात, तुमच्यापैकी किती जणांनी अख्खा भोपळा चिरताना पाहिलाय? भायखळ्याच्या बाजारात आपल्याला फोड मिळते, लाल, उघडी, बियांसकट. पण आमच्याकडे कणकवलीहून मामा दरवर्षी खाजगी बसने एक भलाथोरला भोपळा पाठवायचा. त्याला पहिली सुरी बाबा लावायचे. एकदा सुरी आत गेली की बाबा पेपर वाचायला मोकळे. पुढचं जीव खाऊन चिरणं, साल काढणं, किसणं, घारगे तळणं सगळं आईचं. बाबा गेल्यावर तोच भोपळा सावंतकाकांकडे जाऊ लागला. बाईने का चिरायचा नाही, असं मी दरवर्षी विचारायचे, कारण मला प्रश्न विचारल्याशिवाय अन्न पचत नाही.

"अख्खो भोपळो म्हणजे घरातलो थोरलो झील," आई म्हणायची. "आवशीन झिलाक सुरी लावची काय?"

"मग बापाने मुलाला लावली तर चालते?"

"वाद घालू नको. पीठ मळ."

इथे मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. परळला करत होते तेच, फक्त खिडकीबाहेर सहा महिने बर्फ. गेल्या ऑक्टोबरात माझ्यासोबत काम करणाऱ्या ओक्सानाने तिच्या बागेतला एक भोपळा आणून दिला. हिरवट, खरबरीत, हातात घेतल्यावर अंदाजापेक्षा जड. याला 'विंटर स्क्वॉश' म्हणतात. पिकतो शरदात, मग हिवाळ्याचं नाव का, हे मी लगेच विचारलं. तर म्हणे, साल जाड, त्यामुळे अख्खा ठेवला की हिवाळाभर टिकतो. मला मामाचा माळा आठवला. तिथेही भोपळे असेच राखून ठेवलेले असतात.

आणि खरंच तो टिकला, कारण मी तो चिरलाच नाही. दिवसभर लोकांचं रक्त हाताळणारी मी, ओट्यावरच्या भोपळ्याला वळसा घालून चहा करत होते. माझा यावर विश्वास नाही हो! पण हात काही पुढे होईना. हे नेमकं काय आहे, याचं मलाच कुतूहल वाटायला लागलं. शेवटी एका रविवारी मोठी सुरी घेतली, टोक रुतवलं आणि दोन्ही हातांनी दाबलं. कचकन आवाज झाला, दोन भाग झाले आणि थेट आमच्या चाळीतल्या खोलीतला वास आला. मी तिथेच रडले.

मग ओक्सानाने सांगितलं तसं केलं. एका अर्ध्या भागातल्या बिया काढल्या, सालासकट चंद्रकोरीसारखे काप केले, तेल आणि मीठ चोळलं. तिने एवढंच सांगितलं होतं, लसणीचं तिखट माझ्या पदरचं. ट्रेमध्ये पसरून ओव्हनमध्ये ठेवले. कडा करपायच्या बेताला आल्या, आतला गर लोण्यासारखा झाला. ना फोडणी, ना पाणी. डाळभाताशी तोंडी लावायला इतकं सोपं आणि इतकं चांगलं काही मी कित्येक दिवसांत खाल्लं नव्हतं.

माझी संध्याकाळ म्हणजे आईची सकाळ. व्हिडिओ कॉल लावला आणि सहज विचारलं, मामाचा भोपळा आला का? आलाय, म्हणाली. खाटेखाली आहे. सावंतकाका कधीचेच मुलाकडे डोंबिवलीला गेले, आता कुणाला सांगायचं? गेल्या वर्षीचा तिने अख्खाच देऊन टाकला होता. आई तिथे एकटी, हा घोर मला रोजचाच. पण आवडीचा भोपळा खाटेखाली ठेवून ती नुसता वरणभात खाते, हे ऐकवेना.

"आई, तुला मुलगाच नाही. कुणासाठी पाळतेस हे?"

"तू आसस मा," ती म्हणाली. "माझो थोरलो झील तूच."

मग सांगूनच टाकलं, की मी इथे स्वतः चिरला, भाजला आणि खाल्लाही. ती फोनजवळ सरकली. "उजवाडात ये बघया," म्हणाली. मी दिव्याखाली गेले. तिने मला वळायला लावलं, हात दाखवायला लावले. "बरी आसस मा?" बरी आहे, म्हटलं. त्यावर फोन कशाला तरी टेकवून ती खाटेखाली वाकली आणि भोपळा ओढून काढला. सुरी लावताना पुटपुटत माझं नाव घेतलं, ते मला ऐकू आलं. भोपळा दुभंगला आणि ती हसली. बाबांच्या मागे इतकं मोकळं हसताना मी तिला पाहिलं नव्हतं.

लगेच फोडी करून ती ताटात मांडायला लागली. ही सात नंबरला, ही खालच्या कांबळेबाईंना. "चिरूक कोण नको गो, पण खावक माणसां व्हयी," म्हणाली आणि मान वर करून विचारलं, "तू कोणाक दिलंस?"

कुणालाच नाही. ट्रेभर काप मी एकटीने संपवले होते.

"मग तां घर कसला गो?"

दोन वर्षं मी इथल्या भाड्याच्या जागेला घर म्हणायचं टाळत होते. घर घोडपदेवला, इथे नुसता मुक्काम, असं सगळ्यांना सांगत होते. समोरच्या दारामागे कोण राहतं, हे दर पावलाला प्रश्न विचारणाऱ्या मी कधी विचारलंही नव्हतं. फोन ठेवला, राहिलेला अर्धा भोपळा चिरून भाजला, गरम काप बशीत काढले आणि समोरची बेल दाबली. आतून कुणीतरी चपला ओढत आलं. दार उघडलं. समोर एक म्हातारे गृहस्थ होते, एकदा माझ्याकडे आणि एकदा बशीकडे बघत. मी समोरच राहते, माझ्या उघड्या दाराकडे बोट करत म्हटलं. माझं घर हे.