पाच गोळ्या, दोन घोळके

लायसन्स हातात आलं, तेव्हा आनंद व्हायच्या ऐवजी अश्विनीने आधी त्यावरची शेवटची मुदत शोधली. दोन वर्षं ती याच कागदासाठी कलेक्टर ऑफिसच्या पायऱ्या चढत-उतरत होती. पोलीस चौकशीला घरी आले, तेव्हा अख्खी सिंधीपुऱ्याची गल्ली दारात उभी राहिली होती. आता कागद मिळाला होता आणि त्यावर तारीख होती. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत रायफल घेतली नाही, तर पुन्हा मुदतवाढीचा अर्ज, पुन्हा त्याच पायऱ्या.

वय चौतीस. बुऱ्हाणपूरच्या एका खाजगी शाळेत खेळाची शिक्षिका. वर्गात, घरात, बसमध्ये, कुठेही ती एका जागी पाच मिनिटं बसत नसे. जेवताना उठून दोनदा पाणी आणायची. नवरा नीलेश पॉवरलूमच्या कारखान्यात सुपरवायझर होता, तो म्हणायचा, "माझे माग थांबतात, ही थांबत नाही." पण कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पमध्ये तिला पहिल्यांदा चटईवर पालथं झोपवून हातात पॉइंट टू-टूची रायफल दिली, तेव्हा तिच्या अंगातली सगळी वळवळ बंद झाली होती. पाच गोळ्या झाडल्या. पाचही दहाच्या नाण्याखाली झाकल्या गेल्या. शिकवणारे हवालदार सुकलाल यांनी तो निशाणाचा कागद घडी घालून खिशात ठेवला होता.

सुकलाल आता निवृत्त होऊन फोपनारला केळी पिकवत होते. पंधरा वर्षं गेली होती, पण लायसन्सची बातमी सांगायला अश्विनी पहिली त्यांच्याकडेच गेली. ते बागेत घड झाकत होते.

"सर, कोणती घेऊ?"

"पैसे किती हायेत, ते सांग आधी."

"तीन-साडेतीन पगार साठवलेत."

"मंग परदेशी नवी इसरून जा. ती मोटारगाडीच्या भावात जाते." त्यांनी हात पुसले. "आन एक ध्यानात ठेव. रायफल दिसायले कशी हाय ते पाहू नको, कोणी काय म्हणते ते ऐकू नको. पन्नास मीटरवर पाच गोळ्या टाक. मंग पुन्हा पाच. मंग पुन्हा पाच. एकदा चांगली बसली त्याले काही किंमत नाही. तिन्ही वेळा एकाच जागी बसली, तर ती तुही."

तिला एवढं थांबायचं नव्हतं. त्या आठवड्यात तिने मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले, की झोपेतही तिला गोळी आत ढकलणारा बोल्ट मागेपुढे सरकल्याचा आवाज येऊ लागला. सोमवारी तिला एक रायफल हवी असायची, गुरुवारी दुसरी. नीलेशला ती चहा गाळता गाळता समजावायची, की टू-टूच्या काडतुसात पेट घेणारा मसाला मधोमध नसतो, बुडाच्या कडेत असतो, पिन कडेवर आदळते, म्हणून गोळ्या स्वस्त पडतात आणि सराव परवडतो. नीलेश हो हो म्हणायचा. सासूबाई मालूबाई मात्र स्पष्ट म्हणाल्या, "घरात बंदूक आली तर चोर बंदुकीसाठीच येतीन." अश्विनीने भिंतीत पक्कं बसवलेलं लोखंडी कपाट आणलं. त्यावर मालूबाईंनी पापडाचे डबे ठेवले.

डिसेंबरात एका रविवारी ती आणि सुकलाल इंदूरला गेले. तिथल्या बंदुकीच्या दुकानाचे मालक निरंजन सेठ यांनी आपला मिस्त्री कडू याला दोन रायफली घेऊन शहराबाहेरच्या नेमबाजीच्या रेंजवर पाठवलं होतं. एक नवी, देशात बनलेली, साधी, काळी, तिच्या तीन पगारांची. दुसरी जुनी, चेक बनावटीची, अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. तिच्या दस्त्यावर पितळेची लहान पट्टी होती आणि पट्टीवर जे नाव कोरलं होतं, ते वाचून अश्विनी चमकली.

ते नाव तिने लहानपणी रोज ऐकलं होतं. तिचे वडील नेपानगरच्या कागद कारखान्यात कामाला होते. विदर्भातून आलेली तिच्या घरासारखी कितीतरी घरं त्या वसाहतीत होती. त्या कारखान्यातले खेळांचे अधिकारी बोरकर साहेब दर सव्वीस जानेवारीला नेमबाजीची बक्षिसं घेऊन यायचे. ही त्यांची रायफल होती. साहेब सहा वर्षांपूर्वी वारले, लायसन्स संपलं, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी कायद्याप्रमाणे ती दुकानात जमा केली. तेव्हापासून ती तिथेच पडून होती.

आधी नवी. घोडा जड होता, ओढताना नळी हलायची. पाच गोळ्या दहाच्या नाण्याच्या थोड्या बाहेर गेल्या. पुन्हा पाच, तशाच. वाईट नाही.

मग जुनी. बोल्ट लोण्यातून सुरी जावी तसा सरकला. ओढायचं नुसतं मनात आणलं की घोडा सुटत होता. अश्विनीचा श्वास आपोआप संथ झाला. पाच गोळ्या झाडून तिने दुर्बिणीतून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. गोळ्या चार बोटं फाकल्या होत्या. पुन्हा पाच. पुन्हा तेच.

कडूने सेठला फोन लावला. सेठ फोनवर म्हणाले, "नळी गेली असेल मॅडम. सहा वर्षं पडून होती. बाईंना तशीही ती नकोय, नवीच्या एक तृतीयांश भावात देऊन टाकतील. शोभेची म्हणून घ्यायची तर घ्या."

सुकलालांनी चटई गुंडाळायला घेतली. अश्विनी कागद हातात घेऊन येरझाऱ्या घालत राहिली. काहीतरी खटकत होतं. नळी खराब असती, तर गोळ्या सगळीकडे विखुरल्या असत्या. या विखुरल्या नव्हत्या. तीन वर एका जागी, अगदी एकमेकींना चिकटून. दोन खाली उजवीकडे, त्याही चिकटून. दुसऱ्या कागदावर तसंच, फक्त दोन वर आणि तीन खाली.

"सर, हे दोन घोळके आहेत. एक रायफल दोन जागी नेम धरतेय."

सुकलाल थांबले. तिने वहीतून कागदाची पट्टी फाडली आणि नळी व लाकूड यांच्या फटीतून सरकवली. पट्टी अर्ध्यापर्यंत सहज गेली आणि अडकली. कडूने खालचे दोन स्क्रू सोडून लोखंड बाजूला केलं. जिथे लोखंड लाकडावर टेकतं, तिथे केसाएवढी चीर होती. गोळी सुटली की लाकूड कधी हलत होतं, कधी नाही. कडूने नळीतून उजेडाकडे पाहिलं.

"नळी तर आरसा आहे ताई," तो हळूच म्हणाला. "लाकूड जोडलं की झालं. सेठला हे ठाऊक नाही."

 ही रायफल निदान सहा पगारांची होती, आणि ती एका पगारात मिळत होती.

परतीच्या बसमध्ये सुकलाल म्हणाले, "घेऊन टाक. ही चोरी नाही. सेठनं भाव सांगितला, त्यायले पटला, तुले पटला. तू डोळे वापरले, त्याची मजुरी समज."

"हो," ती म्हणाली. तिलाही तसंच वाटत होतं. खरंच वाटत होतं.

पण पुढचे आठ दिवस तिने कशालाच हात लावला नाही. शाळेत मुलांना कबड्डीचा डाव लावून दिला आणि शिट्टी वाजवायची विसरली. इतवाऱ्याच्या बाजारात भाजी घ्यायला गेली आणि पिशवी दुकानावरच सोडून आली. शेवटी, रायफल आपल्याला हवी आहे आणि आपणच ती घ्यायला आलोय, एवढं तरी बाईंच्या तोंडावर सांगावं, म्हणजे सगळं सरळ होईल, असं ठरवून ती नेपानगरला गेली.

लक्ष्मीबाई सत्तरीच्या होत्या. त्यांनी तिला ओळखलं नाही, पण वडिलांचं नाव सांगताच खुर्ची पुढे ओढली.

"तू घेतेस ती? बरं झालं गं बाई. कोणा परक्याकडे गेली असती तर मला करमलं नसतं. साहेब ती पुसल्याशिवाय जेवायचे नाहीत. सेठ म्हणाले, आता तिच्यात काही राहिलं नाही. खरं का गं?"

अश्विनी उठली, खिडकीपाशी गेली, परत येऊन बसली. हो म्हणायला एक शब्द पुरला असता.

"खोटं आहे काकू," ती म्हणाली. "म्हणजे सेठना माहीत नाही. नळी एकदम चांगली आहे. लाकडाला चीर आहे, ती जोडता येते. तिची किंमत माझ्या एका पगाराची नाही. सहा पगारांची आहे. माझ्याकडे तेवढे नाहीत. मी साडेतीन देऊ शकते."

लक्ष्मीबाईंनी आपली खुर्ची आणखी जवळ ओढली. "मग तू मला हे सांगतेस कशाला?"

 अश्विनीने चहाचा कप उचलला, तर तो रिकामा होता.

लक्ष्मीबाई साडेतीन पगारांना तयार होत्या. "पण संदीपला विचारते," म्हणाल्या. संदीप त्यांचा मुलगा, पुण्याला असायचा. अश्विनी वाट बघू लागली. जानेवारी गेला. फोन वाजला की ती धावायची आणि तो शाळेचा निघायचा. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संदीपचाच फोन आला. तो अगदी नीट, नम्रपणे बोलला. त्याने सेठकडून लाकूड जोडून घेतलं होतं आणि उज्जैनच्या एका नेमबाजाने पूर्ण किंमत देऊ केली होती. "तुमच्यामुळे कळलं, ताई. थँक यू."

तिने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरातलं पातेलं इतक्या जोरात आपटलं, की मालूबाई धावत आल्या. आपण चांगलं वागलो याचं समाधान वगैरे तिला अजिबात वाटलं नाही. तिला राग आला होता, स्वतःचा, संदीपचा, त्या चिरेचा. सुकलालांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "आता मले विचारू नको," आणि तीन दिवस त्यांनी तिचा फोन उचलला नाही.

नीलेशने विचारलं, "मुदतीचे किती दिवस उरले?"

"सोळा."

"मग रडतेस कशाला? उद्याची सुट्टी टाक. मी येतो."

तो पहिल्यांदाच तिच्याबरोबर रेंजवर आला. दुकानात त्याच देशी बनावटीच्या दोन रायफली शिल्लक होत्या, सारख्याच दिसणाऱ्या. एकीच्या दस्त्यावर लांब ओरखडा होता, एवढाच फरक. कडूने दोन्ही आणल्या. अश्विनी या वेळी घाई करायची नाही असं ठरवून आली होती. तीन वेगवेगळ्या डब्यांतल्या गोळ्या, प्रत्येक डब्यातल्या तीनदा पाच-पाच, दोन्ही रायफलींतून. सकाळी सुरू केलं ते दुपार उलटून गेली. नीलेश कागद बदलायला पन्नास मीटर जायचा आणि यायचा, आणि कुरकुर करत कागदांवर तारीख, गोळी, रायफल लिहायचा.

स्वच्छ दिसणारीने एकदा कमाल केली, पाचही गोळ्या एका भोकात. अश्विनी उडालीच. पण पुढच्या पाच फाकल्या, आणि त्यापुढच्या आणखी. ओरखडावालीने कमाल कधीच केली नाही. पण मधल्या डब्यातल्या गोळ्या घातल्या, तेव्हा पंधराच्या पंधरा दहाच्या नाण्याखाली राहिल्या. तिन्ही वेळा.

"ही घे," नीलेश म्हणाला. त्याला नेमबाजीतलं ओ की ठो कळत नव्हतं. "ही रोज कामावर येणारी आहे."

कडूने सेठच्या परवानगीने घोडा थोडा हलका करून दिला. मधल्या डब्यातल्या त्याच खेपेच्या गोळ्या, लायसन्सवर जेवढ्या मिळत होत्या तेवढ्या, तिने सगळ्या उचलल्या. कारण पुढची खेप वेगळी निघाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुदत संपायला अकरा दिवस असताना रायफलीचा नंबर तिच्या लायसन्सवर चढला.

एप्रिलमध्ये इंदूरला पात्रता स्पर्धा होती. चाळीस गोळ्या, चारशे गुण. भोपाळच्या राज्य स्पर्धेसाठी तीनशे पंचावन्न हवे होते. सुकलाल राग विसरून पांढरा सदरा घालून आले होते. शेजारच्या जागेवर उज्जैनचा कोणी होता, आणि त्याच्या हातात अक्रोडाच्या दस्त्याची जुनी रायफल होती असं तिला उगाच वाटलं. तिने मान वळवून पाहिलं. दुसरीच होती. त्या पाहण्यातच पहिल्या दहा गोळ्या बिघडल्या. एक्क्याऐंशी.

ती चटईवरून उठली. नियमाप्रमाणे वेळ चालू होती. रायफल ठेवून तिने चार पावलं टाकली, परत आली, पाणी प्यायली. मागे बसलेले सुकलाल काही बोलू शकत नव्हते, बोलायला मनाई होती. ते फक्त दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले होते.

ती पुन्हा पालथी झोपली. थोडा हलका झालेला घोडा, काळी नळी, ओळखीचा धक्का. दुसऱ्या दहा गोळ्यांना ब्याण्णव. तिसऱ्या दहांना त्र्याण्णव. शेवटच्या दहा तिने मोजल्याच नाहीत.

पंचांनी बेरीज वाचली, तीनशे एकोणसाठ. सुकलालांनी तिच्या पाठीवर एवढ्या जोरात थाप मारली, की तिला खोकला आला. नीलेशला फोन लावला तर मागांच्या खडखडाटात त्याला काही ऐकूच येईना; ती तीनदा ओरडली, "भोपाळ! भोपाळला जायचंय!" तेव्हा कुठे त्याला कळलं. मग ती रेंजच्या कुंपणाशी येरझाऱ्या घालू लागली. शाळेची रजा, बसचं तिकीट, भोपाळच्या रेंजवर वारा कुठून वाहतो, तिथे मॅट देतात की आपलीच न्यावी लागते. सुकलाल तिच्या मागे मागे चालत तिला पेढा देऊ पाहत होते, आणि ती घेत नव्हती.